पायाळूचा गुण

मी पायाळू. म्हणजे जन्मताना पोराचं डोकं आधी यायला हवं, तिथे माझे पाय आधी आले. आमच्या साताऱ्याकडे अशा माणसाला मान असतो. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठीत लचक भरली, मान धरली, की पायाळू माणसाला गाठायचं. त्याने सकाळी उपाशीपोटी, तोंडातून चकार शब्द न काढता, दुखऱ्या जागेला तीनदा पाय लावायचा. अशा तीन सकाळी. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून गावातल्या मिशाळ बाप्यांच्या पाठीला लाथा घातल्यात आणि वर त्यांच्याच हातचे गूळ-शेंगदाणे खाल्लेत.

लग्नानंतर बरीच वर्षं मुंबईत काढली आणि नव्वद साल उलटल्यावर आम्ही नेरूळला, करावे गावाच्या अलीकडच्या एका नव्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. तिथे कुणाला हे माहीत असायचं कारण नव्हतं, पण मला कुठे गप्प बसवतं! जिन्यात कुणी कमरेवर हात ठेवून 'आई गं' म्हणालं की माझं सुरू, "मी पायाळू आहे, या उद्या सकाळी." बँकेतले साहेब आले, शाळेतल्या बाई आल्या, सोसायटीचे सेक्रेटरी तर लाथ खाऊन वर थँक्यू म्हणून गेले. आमचे हे पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर कामाला. त्यामुळे बिल्डिंगमध्ये आमचं नावच पडलं होतं, एक लेथवाला आणि एक लाथवाली. मला त्याचा राग यायचा नाही. खरं सांगायचं तर मिरवायचे मी.

ह्यांचं बोलणं कमी. मी दहा वाक्यं बोलले की ह्यांचं एक, तेही "बरं". लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती, पण ह्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. भांडी आपटायचं खातं माझ्याकडे.

कुत्रा ह्यांचा. वर्कशॉपच्या दाराशी कुणीतरी पिल्लू टाकून गेलं होतं, ते ह्यांच्या मशीनखाली लोखंडाच्या किसात झोपायचं. वर्षभराने वर्कशॉप दुसऱ्या गाळ्यात गेलं, नव्या शेजाऱ्यांना कुत्रा नको होता, म्हणून एका संध्याकाळी हे त्याला टेम्पोत घालून घरी घेऊन आले. तांबडा रंग, एक कान उभा, एक पडलेला. मी म्हटलं, ह्याला इथे ठेवायचा नाही, आणि ठेवायचा नाही तर नाव कशाला द्यायचं. तो राहिला, नाव राहून गेलं. मी त्याला नाव ठेवलं नाही, नावं मात्र भरपूर ठेवली. मेल्या, आगाऊ, खादाड, उंडग्या, सगळ्यांना तो ओ द्यायचा. मुलगी लग्न होऊन खांदेश्वरला गेली तेव्हा घर खायला उठलं, आणि मग मला कळलं की दिवसभर मी बोलते ते ह्या मेल्याशीच.

तो पाच-सहा वर्षांचा असताना मागच्या डाव्या पायाने लंगडायला लागला. गाडी लागली नव्हती, कुणी दगड मारला नव्हता, काटा नव्हता. मी स्वतः पाय उलटासुलटा करून बघितला. हे म्हणाले, "डॉक्टरकडे नेऊ." मी म्हटलं, "कशाला? जिन्यावरून उड्या मारतो, लचक भरली असेल. मी आहे ना घरात."

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरायच्या आधी मी त्याला गॅलरीत उभा केला आणि काही न बोलता त्याच्या पायाला तीनदा पाय लावला. तो अजिबात हलला नाही. कान मागे करून, मान खाली घालून गप्प उभा राहिला. मी ह्यांना म्हटलं, "बघा, जनावराला बरोबर कळतं." तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी तो बरा चालला, निदान मला तसं वाटलं. पाचव्या दिवशी परत लंगडा. मी आणखी तीन सकाळी धरल्या. हे परत म्हणाले, "डॉक्टरकडे नेऊ का?" मी म्हटलं, "तुमचा माझ्यावर विश्वासच नाही." मग मी मिठाच्या पुरचुंडीचा शेक दिला, तेल जिरवलं, परत पाय लावला. असं करता करता दीड महिना गेला. गुडघ्याच्या वर सूज आली, ती कणकेच्या गोळ्याएवढी झाली, तेव्हा ह्यांनी मला न विचारता त्याला उचलला आणि रिक्षात घातला. मी मागून चपला घालत धावले.

वाशीला एक जनावरांचे डॉक्टर होते. वयाने आमच्या जावयाएवढे, हात मात्र शांत. त्यांनी सुजेवर नुसती दोन बोटं ठेवली आणि आमच्याकडे बघितलं. एक्स-रे काढला. उजेडावर धरून दाखवला. एका पायाचं हाड सरळ रेघेसारखं आणि दुसऱ्याचं उंदराने कुरतडल्यासारखं, हे मलाही दिसलं.

"हाडाचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. "कधीपासून लंगडतोय?"

"दीड महिना," ह्यांनी सांगितलं.

"दीड महिना? एवढे दिवस काय करत होतात? ह्याला किती दुखत असेल, कल्पना आहे का? कुत्री ओरडत नाहीत. दुखलं की गप्प उभी राहतात."

सांगायला म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात हे म्हणाले, "माझंच दुर्लक्ष झालं, डॉक्टर."

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक तर त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं, बरेच लोक तेच करतात. नाहीतर पाय कमरेपासून काढायचा आणि पुढे दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून कॅन्सरचं औषध, चार वेळा. छातीत अजून काही दिसत नव्हतं. पण नंतर दिसणार नाही असं कुणी सांगू शकत नाही, म्हणाले. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. ह्यांनी कुत्र्याच्या पडलेल्या कानाला हात लावला.

"पाय काढा," हे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. संध्याकाळी त्याला घरी आणला. डावीकडचा मागचा भाग भादरून गुळगुळीत, वर टाक्यांची लांबलचक रांग, आणि पाय असायचा तिथे काहीच नाही. मला वाटलं होतं मी बघू शकणार नाही, पण बघितलं. टाके चाटू नयेत म्हणून ह्यांनी प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून ती त्याच्या गळ्यात अडकवली. त्या बादलीतून तो माझ्याकडे बघायचा आणि शेपूट हलवायचा. मला भडभडून यायचं. शिव्या द्यायचा होतास रे मला, शेपूट कसली हलवतोस!

खरी पंचाईत पुढेच होती. तो उठेना. डॉक्टर म्हणाले होते, दोन-तीन दिवसांत उठेल, कुत्र्यांना तीन पाय पुरतात. चार दिवस झाले, पाच झाले. पुढचे दोन पाय टेकवायचा, मागचा एक लावायचा, आणि पाय सरकन बाजूला जाऊन धप्पकन पडायचा. एकदा टाक्यांवरच पडला. त्यानंतर त्याने प्रयत्नच सोडला. जागेवर सगळं. मी पुसत होते, कुशी बदलत होते, भात भरवत होते, आणि मनात एकच, ह्याचा पाय मी घालवला. वेळेवर नेला असता तर नुसत्या औषधावर भागलं असतं. माझ्या पायाने ह्याचा पाय खाल्ला.

ह्यांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. सकाळी उठायचे, त्याला उचलून खाली न्यायचे, आणायचे, डबा घेऊन कामाला जायचे. मी वाट बघत होते, आता बोलतील, मग बोलतील. ओरडले असते तर मीही ओरडले असते, दोन भांडी आपटली असती आणि मोकळी झाले असते. पण नाही. "जेवला का?" एवढंच, तेही कुत्र्याबद्दल.

करावे गावातून एक कोळीण आमच्याकडे मासळी घेऊन यायची. पाटी उतरवायला ती दारात बसली आणि आत हा असा पडलेला तिला दिसला. मी रडगाणं लावलं. तिने ऐकून घेतलं नाही.

"आगो बाय, पाय गेला त गेला, तीन हायेत ना त्याला? ही तुजी फरशी बग कशी गुलगुलीत हाय. मानूस घसरंल हिच्यावर, तो त कुत्रा हाय. गोनपाट टाक."

आम्ही शिकलेली माणसं, डॉक्टर शिकलेला, आणि पाच दिवसांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की त्याचा पाय फरशीवर धरत नाही. मी त्याच वेळी माळ्यावरची कांद्या-बटाट्याची रिकामी पोती काढली, उसवली आणि हॉलभर अंथरली. उरलेल्या जागेत सतरंज्या. तरी तो उठेना, त्याच्या मनात भीती बसली होती. मग मी माझी एक जुनी सुती साडी दुमडून त्याच्या पोटाखालून घेतली, झोळीसारखी वर धरली आणि म्हटलं, "चल, मेल्या." पहिलं पाऊल पडलं. दुसरं पडलं. गोणपाटात नखं रुतत होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आम्ही गेलो, आणि कोळणीने पाटीतलं एक बोंबिलाचं डोकं त्याच्यापुढे टाकलं. त्याने ते उभ्याने खाल्लं. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

आठवड्याभरात साडी नुसती नावाला उरली. टाके निघाले त्या दिवशी तो स्वतः जिन्यापर्यंत गेला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सेक्रेटरींकडे तक्रार केली की वरून धप-धप आवाज येतो. येऊ दे. मला तो आवाज गोड लागत होता.

त्याच सुमारास सेक्रेटरी सकाळी-सकाळी कमरेवर हात ठेवून दारात. मला वाटलं तक्रारीसाठी आले. पण नाही.

"वहिनी, परत उसण भरलीय. जरा पाय लावता का? तुमच्या पायाला गुण आहे."

माझं डोकंच फिरलं. "डॉक्टरकडे जा!" मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता जा! दीड महिना थांबू नका! माझ्या पायाला काही गुण-बिण नाही, कळलं का?" बिचारे तिरके-तिरके जिना उतरून गेले. मागे हे दाढी करत होते. आरशातून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत गालावर फेस लावला. त्या दिवसापासून मी कुणाला पाय लावला नाही.

सलाईनमधली इंजेक्शनं सुरू झाली. औषध माणसांचंच, ते आणायला हे सुट्टी टाकून मुंबईला जायचे. दुकानदाराने पेशंटचं नाव विचारलं. आमच्या कुत्र्याला नाव नाही, आणि असतं तरी सांगायची पंचाईत. ह्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. ते बिल, वर ठळक 'कॅन्सरची औषधं' छापलेलं, टीव्हीवर पडलं होतं, नेमके धाकटे दीर आले. वाशीच्या मार्केटात माथाडी, चालता-बोलता पहाड, पण कागद वाचला आणि पांढरेफटक पडले. मला काही विचारलं नाही, चहा अर्धा टाकून निघून गेले. तिसऱ्या दिवशी गावाहून थोरल्या जाऊबाई देवीचा अंगारा घेऊन हजर, दारातूनच हंबरडा. हे समोर उभे राहून पोहे खात होते. खरं काय ते सांगितल्यावर जाऊबाईंनी मला जी फाडली! "कुत्र्याचं दुखणं नवऱ्याच्या नावावर लावतेस होय गं? अक्कल आहे का?" मग आणलाय कशाला परत न्यायचा म्हणून तो अंगारा त्यांनी कुत्र्याच्या कपाळाला लावला. त्याने चाटून टाकला.

औषध दिल्यावर दोन-तीन दिवस त्याचे हाल व्हायचे. उलट्या व्हायच्या, पाण्याकडे बघायचा नाही, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याचं पुसताना हातमोजे घालायला डॉक्टरांनी बजावलं होतं. चौथ्या दिवशी पेजेचं भांडं चाटायचा आणि आमचा जीव भांड्यात पडायचा. अंगावरचा भादरलेला भाग भरून आला, नवे केस जरा फिके आले. तिसऱ्या इंजेक्शनापर्यंत तो जिना एकटा चढायला लागला. उतरायला मात्र भ्यायचा, तेव्हा हे त्याला खांद्यावर घ्यायचे.

हे सगळं चालू असताना मी डॉक्टरांना एक गोष्ट विचारली नव्हती. दर वेळी ठरवून जायचे आणि तोंड मिटून परत यायचे. उत्तर मला माहीत आहे, असं मी धरूनच चालले होते. रात्रंदिवस मनात तेच. भाजी चिरताना, केस विंचरताना. पोटच्या पोरीशी फोनवर बोलतानासुद्धा.

चौथं इंजेक्शन होऊन महिना झाल्यावर छातीचा एक्स-रे काढायला बोलावलं होतं. दुपारची वेळ. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला, पुष्कळ वेळ बघितला. मी ह्यांचा शर्ट मागून मुठीत धरला होता, हे मला नंतर कळलं.

"स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "पुढचं पुढे. आज तरी स्वच्छ आहे."

हे कुत्र्याला घेऊन रिक्षा बघायला बाहेर गेले. मी मागे थांबले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पायाळू असल्याचं, सकाळी पाय लावल्याचं, शेकाचं, तेलाचं, ह्यांनी किती वेळा म्हटलं आणि मी कसं ऐकलं नाही. "खरं सांगा, डॉक्टर. दीड महिना आधी आणला असता तर त्याचा पाय वाचला असता का?"

ते हसले नाहीत, त्याचं मला बरं वाटलं. "नाही, ताई. पहिल्या दिवशी आणला असता तरी पाय काढावाच लागला असता. ह्या आजाराला दुसरा मार्ग नाही. दीड महिन्याची वेदना वाचली असती, एवढं मात्र खरं." मग ते माझ्याकडे बघत राहिले. "पण हे मी तुमच्या मिस्टरांना ऑपरेशनच्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांनीही हेच विचारलं होतं, अगदी ह्याच शब्दांत."

मी बाहेर आले. रिक्षात एका बाजूला हे, मध्ये कुत्रा, एका बाजूला मी. अर्धा रस्ता सरेपर्यंत मी गप्प होते, म्हणजे बघा.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "पाय जाणारच होता, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं."

"हो."

"मी चार महिने जळतेय. तुम्हाला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

हे बाहेर बघत होते. मला वाटलं आता "बरं" म्हणतील. पण ते म्हणाले, "राग आला होता मला. तुझा. दीड महिना तो लंगडत होता, मी सांगत होतो आणि तू त्याला पाय लावत होतीस. तो गप्प उभा राहायचा ते मी रोज दाढी करताना बघत होतो. म्हटलं, जळू दे जरा."

पंचवीस वर्षांत हा माणूस एवढं सलग बोलला नव्हता. मला भांडायचं होतं. तोंडात शब्दही आले होते. पण त्यांचं काय चुकलं होतं? जळायलाच हवं होतं मी. पायासाठी नाही, त्या गप्प उभं राहण्यासाठी. मी रिक्षातच रडायला लागले. कुत्रा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेला. त्याला माझ्या रडण्याचं काही नव्हतं.

"आणि राग कधी गेला?" थोड्या वेळाने मी विचारलं.

"गेला केव्हाच. तू त्याला साडीत धरून चालवलंस ना, तेव्हाच गेला. पण मग सांगायचं कसं ते सुचेना. जेवढे दिवस गेले तेवढं अवघड व्हायला लागलं."

"अहो, ओरडायचं ना मग माझ्यावर! त्याच दिवशी ओरडायचं!"

"मला ओरडता येत नाही," हे म्हणाले. मी वळून बघितलं तर ह्यांचे डोळे भरलेले.

"मग शिका," मी म्हटलं.

रिक्षा सोसायटीच्या गेटशी थांबली. कुत्र्याला उचलून घ्यायला आम्ही दोघांनी एकदमच हात पुढे केले, पण तो तोवर खाली उतरला होता.